लाल कार्ड देणारा अधिकारी

महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी आरोग्य विभागाकडून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, केली जाते आणि त्या पाहणीत आढळलेल्या जोखमीनुसार गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे या गावाचे पाणी कधीही साथ घेऊन येऊ शकते अशी लेखी सूचना असते. मात्र ती देणाऱ्या आरोग्य सेवकाच्या, त्याच्या वरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्याही हाती त्या जोखमीवरचा उपाय नसतो. गटारातून गेलेली फुटकी जलवाहिनी बदलणे, विहिरीला कठडा बांधणे, पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनयुक्त विरंजक चूर्ण, विकत घेणे आणि ते रोज नियमाने टाकणाऱ्या जलसुरक्षकाला वेळेवर मानधन देणे ही सारी कामे ग्रामपंचायतीची असतात. तरीही गावात गॅस्ट्रोची लागण झाली की पहिला जाब प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारला जातो. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात नेतृत्व या शब्दाला जो खास अर्थ आहे तो या कार्डातून जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही व्याख्येतून होत नाही: जी माणसे आपल्या हाताखाली नाहीत, ज्यांना हुकूम देता येत नाही आणि ज्यांचा निधी आपल्या सहीने खर्च होत नाही, त्यांच्याकडून वेळेत काम करवून घेणे म्हणजे आरोग्य अधिकाऱ्याचे नेतृत्व. हे कौशल्य वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले जात नाही, ते अंगी येण्यासाठी जी वर्षे आणि जो आधार लागतो तो नोकरीत क्वचितच मिळतो आणि सातारा-सांगलीसारख्या प्रशासनाची मोठी परंपरा असलेल्या जिल्ह्यांतही या उणिवेची चर्चा फारशी होत नाही.

या पदाचा इतिहास पाहिला तर त्याच्या जन्मापासूनच ही अडचण त्याच्या सोबत असल्याचे दिसते. १८४७ साली लिव्हरपूल शहराने डॉ. विल्यम डंकन यांना शहराचा आरोग्य अधिकारी म्हणून नेमले आणि आधुनिक अर्थाने या पदाची सुरुवात झाली. डंकन यांचे काम रोग्याला औषध देण्याचे नव्हते, तर तळघरांतील दाटीवाटीची वस्ती आणि उघडी गटारे यांचा मृत्यूशी असलेला संबंध नगरपालिकेला पटवून देण्याचे होते. भारतात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात प्रत्येक डॉक्टर हा काही प्रमाणात सामाजिक वैद्य असावा, म्हणजे रोगाइतकीच रोग उपजवणाऱ्या परिस्थितीचीही त्याला जाण असावी, अशी अपेक्षा ठेवली आणि वैद्यकीय शिक्षणात त्यासाठी प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना प्रत्यक्षात आली आणि आज सपाटीच्या भागात ३० हजार व डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष सर्वत्र मानला जातो. मात्र त्या केंद्राचा प्रमुख कसा घडवायचा हा भोर समितीने मांडलेला प्रश्न केंद्रांच्या इमारतींइतक्या तत्परतेने कोणी हाती घेतला नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला एक वेगळे वळण मिळाले आणि ते वळण देणाऱ्या नेत्याची जन्मभूमी याच मुलखातली आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील आणि तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे १९१३ साली जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे आली, जिल्हा आरोग्य अधिकारी हा लोकनियुक्त संस्थेच्या यंत्रणेचा भाग झाला, तर जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे बोलीभाषेत सिव्हिल सर्जनच्या, अधिकाराखाली राज्य शासनाकडेच राहिली. विकेंद्रीकरणाचा हा निर्णय मुळात योग्यच होता, कारण आरोग्य हे गावाच्या पाण्याशी, शाळेशी, अंगणवाडीशी आणि रस्त्याशी जोडलेले असते आणि त्या सर्व गोष्टी जिल्हा परिषदेच्या एकाच छपराखाली येत होत्या. परंतु त्यामुळे एकाच जिल्ह्यात आरोग्याची दोन प्रमुख पदे निर्माण झाली, एकाचा अहवाल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे आणि दुसऱ्याचा आरोग्य उपसंचालकांकडे जाऊ लागला, आणि प्रसूतीसाठी उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवलेली बाई ही कागदोपत्री एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत जाऊ लागली.

सांगलीत ही गुंतागुंत आणखी एका पदराने वाढते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ सालचे असून सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय ही त्याला जोडलेली आहेत. ती वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या नव्हे. म्हणजे जिल्ह्यातील गंभीर रुग्ण शेवटी जेथे पोहोचतात त्या खाटा एका विभागाच्या, तालुक्याची रुग्णालये दुसऱ्या विभागाची आणि गावपातळीची केंद्रे जिल्हा परिषदेची अशी विभागणी आहे. त्यात प्रशासकीय नकाशाचे आणखी एक वैशिष्ट्य मिसळते. महसूलदृष्ट्या सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे विभागात आहेत, पण आरोग्य खात्याच्या परिमंडळांत सातारा पुणे परिमंडळात आणि सांगली कोल्हापूर परिमंडळात मोडतो. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा नदी, ऊस, साखर कारखाने, पश्चिमेचा मुसळधार पाऊस आणि पूर्वेचा दुष्काळ हे सारे दोन्ही जिल्ह्यांत सारखेच असताना त्यांचे आरोग्य अधिकारी मात्र वेगवेगळ्या उपसंचालकांच्या बैठकांना जातात.

या चौकटीत अधिकारी कसा घडतो हे पाहण्यासारखे आहे. एमबीबीएस होऊन शासकीय सेवेत आलेला डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो, पुढे तालुका आरोग्य अधिकारी आणि सेवाज्येष्ठतेनुसार जिल्हा पातळीवरील अधिकारी अशी त्याची वाटचाल होते. पहिल्या दिवसापासून त्याच्यावर दोन कामांचा भार पडतो: सकाळी बाह्यरुग्ण विभागात तो रोगी तपासतो आणि दुपारी आरोग्य सेविका, आरोग्य सेवक, समुदाय आरोग्य अधिकारी, आशा आणि गटप्रवर्तक यांच्या कामाचा तो प्रमुख असतो. पहिले काम त्याने पाच वर्षे शिकलेले असते, दुसरे त्याला कोणी शिकवलेले नसते. तालुका आरोग्य अधिकारी झाल्यावर रोगी तपासणे जवळजवळ संपते आणि अंदाजपत्रक, खरेदी, माहितीप्रणालीतील नोंदी, विधिमंडळातील तारांकित प्रश्नांची उत्तरे, न्यायालयीन प्रकरणे, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि पंचायत समितीची मासिक सभा हेच त्याचे जग होते. उत्तम शल्यचिकित्सक आपोआप उत्तम प्रशासक होतो, हे या सेवेत उघडपणे कोणी म्हणत नसले तरी बढतीच्या रचनेमागे तेच गृहीत धरलेले असते.

प्रशिक्षणाची व्यवस्था नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जिल्हा प्रशिक्षण केंद्रे आहेत, आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्रे आहेत, नागपूरला राज्याची सार्वजनिक आरोग्य संस्था आहे, पुण्यात राज्य आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र आणि प्रशासकीय प्रशिक्षणाची शिखर संस्था असलेली यशदा आहे आणि दिल्लीत १९७७ साली स्थापन झालेली राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचे दीर्घ वर्ग घेत आली आहे. अडचण आहे ती प्रशिक्षणाच्या आशयाची आणि वेळेची. बहुतेक वर्ग एखाद्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे असतात: क्षयरोग, लसीकरण, नवजात बालकांची काळजी, नवीन नोंदणी प्रणाली. या विषयांचे महत्त्व वादातीत आहे, पण सरपंचाशी बोलावे कसे, सभागृहात अपुऱ्या आकडेवारीवरून घेरले गेल्यावर खरे आणि नेमके उत्तर द्यावे कसे, थकलेल्या आशाताईंची बैठक घ्यावी कशी, चूक झालेल्या कनिष्ठाला पाठीशी घालायचे कोठे आणि जबाबदार धरायचे कोठे, हे प्रश्न कोणत्याही कार्यक्रमाच्या पुस्तिकेत येत नाहीत. शिवाय असे वर्ग पद मिळण्याच्या आधी नव्हे, तर ते मिळून गेल्यानंतर आणि तेही जमेल तेव्हा वाट्याला येतात.

तमिळनाडूने या बाबतीत वेगळी वाट धरली. त्या राज्यात, तेव्हाच्या मद्रास प्रांतात, १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि सार्वजनिक आरोग्य संचालनालयाखाली स्वतंत्र संवर्ग टिकवला गेला. संवर्ग म्हणजे स्वतःची भरती, स्वतःची पात्रता आणि स्वतःची बढतीची शिडी असलेला अधिकाऱ्यांचा गट. जिल्ह्याचे सार्वजनिक आरोग्य सांभाळायचे असेल तर त्या विषयाची पदविका किंवा पदवी असावी, ही अट तेथे रूढ आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापन संवर्ग असावा अशी शिफारस केली आणि २०२२ साली केंद्र सरकारने त्याची मार्गदर्शक तत्त्वेही राज्यांना दिली. या दिशेने जाण्यातला खरा लाभ असा की रोग्यांवर उपचार करण्यात ज्याला रस आहे तो डॉक्टर रुग्णालयातच वरच्या पदापर्यंत जाऊ शकतो आणि समाजाचे आरोग्य हेच ज्याला आपले काम वाटते तो त्या कामात तिशीपासूनच मुरत जातो.

मुरलेल्या नेतृत्वाचा आणि समन्वयाचा काय उपयोग होतो याचे एक उदाहरण सांगलीने मार्च २०२० मध्ये देशाला दाखवले. तेव्हाच्या इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे २३ मार्च रोजी निष्पन्न झाले आणि आठवडाभरात बाधितांची संख्या पंचविशीच्या घरात गेली. टाळेबंदीच्या त्या पहिल्या दिवसांत ना लस होती ना निश्चित उपचार. हाती होती ती केवळ साथरोगशास्त्राची जुनी साधने, म्हणजे बाधिताच्या संपर्कातील प्रत्येकाची यादी करणे, त्यांना अलग ठेवणे, परिसर बंद करणे आणि घरोघर जाऊन ताप-खोकल्याची विचारपूस करणे. महसूल, पोलीस, नगरपालिका, जिल्हा परिषदेचे आरोग्य कर्मचारी आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय यांनी ही साधने एकदिलाने वापरली आणि साथ शहराच्या मर्यादित भागातच रोखली गेली. विभागांचे तीन पदर एरवी ज्या जिल्ह्यात अडथळा ठरतात त्याच जिल्ह्यात ते त्या काही आठवड्यांत एकत्र विणले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मात्र ती संकटाच्या दडपणाखाली घडली आणि दडपण ओसरल्यावर ती वीण टिकवण्याची तरतूद कोणत्याच नियमात नव्हती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे होरपळून निघाले.

महापुराची कसोटी याहून वेगळी असते, कारण साथीत लोक घरात थांबतात आणि पुरात ते घराबाहेर पडलेले असतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेने सांगलीला वेढले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले होते आणि त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून माणसे दगावली. पूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस हे आरोग्य यंत्रणेचे खरे रणांगण असते. विहिरी गाळाने भरलेल्या असतात, मेलेली जनावरे उचलायची असतात, घरातला चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे जनावरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणाऱ्या जंतूंच्या तापाचा, धोका असतो आणि छावणीतील मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या रोग्यांच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात. अशा वेळी गावाच्या नळाखाली एक लहानशी परीक्षानळी धरली जाते, तिच्यात ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे काही थेंब टाकले जातात आणि पाणी पिवळे झाले की त्यात क्लोरीन उरले आहे हे कळते. कर्मचाऱ्यांच्या भाषेत ही ओटी टेस्ट. पाणी रंगहीनच राहिले तर टीसीएल टाकलेच नाही, कमी टाकले किंवा ओल्या खोलीत पडून त्याची ताकद गेली, यांपैकी काय घडले ते त्याच दिवशी शोधावे लागते. ओटी टेस्ट पाच मिनिटांत शिकवता येते. पण पुरात स्वतःचे घर गमावलेला आरोग्य सेवक ती परीक्षानळी घेऊन दुसऱ्याच्या नळापाशी उभा राहतो तो केवळ आदेशामुळे नव्हे. त्याचा वरिष्ठ आपल्या घराची चौकशी करील, गरज पडली तर दोन दिवस मोकळीक देईल आणि चूक झाली तर एकट्याला पुढे करणार नाही, या विश्वासामुळे. तो विश्वास पूर येण्याच्या आधी, साध्या महिन्यांत कमवावा लागतो.

कायद्याची अंमलबजावणी हा नेतृत्वाचा आणखी कठीण प्रांत. गर्भलिंग निदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार जिल्हा शल्यचिकित्सक हे जिल्ह्याचे समुचित प्राधिकारी असतात, म्हणजे सोनोग्राफी केंद्र तपासणे, ते मोहोरबंद करणे आणि न्यायालयात तक्रार दाखल करणे हे अधिकार त्यांच्याकडे असतात. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ इतकी खाली आली होती. २०११ मध्ये ती अनुक्रमे ८६७ आणि ८९५ झाली, म्हणजे किंचित सुधारली, तरी निसर्गाच्या प्रमाणापासून ती दूरच राहिली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि सारा महाराष्ट्र हादरला. पंचनामा करणे, पुरावा जपणे, साक्ष देणे आणि ज्यांच्यासोबत आपण शिकलो त्याच व्यवसायबंधूंविरुद्ध उभे राहणे हे काम डॉक्टरला करावे लागते, तेव्हा त्याला कायद्याचे ज्ञान, सरकारी वकिलाची साथ आणि वरिष्ठांचे पाठबळ या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांतली एक जरी नसली तरी प्रकरण न्यायालयात टिकत नाही आणि पुढच्या वेळी तो अधिकारी दारात जाण्यापूर्वी दहादा विचार करतो.

येथे प्रशिक्षणाचा विषय संपतो आणि आधाराचा सुरू होतो, आणि आधार हाच या साऱ्या व्यवस्थेतला अधिक दुबळा भाग आहे. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षांचा कार्यकाल धरला आहे, परंतु गावोगावच्या सरपंचांची, कारखान्यांच्या व्यवस्थापनाची आणि आशांच्या गटांची ओळख होऊन कामाला गती येईपर्यंतच त्यातला बराच काळ निघून जातो. पद रिक्त राहिले की शेजारच्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो आणि एक माणूस दोन खुर्च्या सांभाळू लागतो. अमेरिकेतील राज्यांच्या आरोग्य प्रमुखांची स्थितीही या बाबतीत फार वेगळी नाही. तेथील अनेक दशकांच्या नोंदी पाहता निम्म्याहून अधिक प्रमुख तीन वर्षांच्या आत पद सोडतात असे दिसते आणि कोरोनाच्या काळात धमक्यांमुळे व राजकीय दबावामुळे अनेकांनी राजीनामे दिले. मात्र तेथे या प्रमुखांची एक राष्ट्रीय संघटना गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे, नव्याने पदावर आलेल्याची ती पहिल्या महिन्यांतच ओळख-कार्यशाळा घेते, पूर्वी ते पद सांभाळलेला अनुभवी माणूस त्याला मार्गदर्शक म्हणून जोडून देते आणि जे वरिष्ठाला विचारता येत नाही व कनिष्ठाला सांगता येत नाही ते समपदस्थांत बोलण्याची जागा देते. आरोग्याचा प्रमुख एकाकी असतो, हे त्या व्यवस्थेने मान्य केले आहे.

महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांना ही गरज कमी नाही. रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे आणि कोरोनाच्या काळात १८९७ च्या साथरोग कायद्यातही संरक्षणाची तरतूद घातली गेली. पण चिठ्ठी घेऊन आलेल्या दबावापासून, एका माता-मृत्यूच्या चौकशीनंतर येणाऱ्या निराशेपासून किंवा रात्री दोनला वाजणाऱ्या फोनच्या थकव्यापासून कायदा वाचवू शकत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. निवृत्त जिल्हा आरोग्य अधिकारी आणि सिव्हिल सर्जन यांच्याकडे पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव असतो. १९९०च्या दशकातील लसीकरण, २००५ चा महापूर, त्याच वर्षी जानेवारीत वाईजवळच्या मांढरदेव यात्रेत झालेली भीषण चेंगराचेंगरी हे सारे त्यांच्यापैकी अनेकांनी जवळून हाताळलेले आहे. तो अनुभव निवृत्तीच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळासह संपतो. एकेका नव्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला वर्षभरासाठी असा एकेक ज्येष्ठ जोडून द्यायला शासनाला नवी इमारत बांधावी लागणार नाही.

कृष्णाकाठी तर याची सुरुवात सहज होऊ शकते, कारण दोन्ही जिल्ह्यांची कामे एकमेकांत मिसळलेली आहेत. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे कोपी, म्हणजे आपली झोपडी, उचलून एका कारखान्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातात आणि बाळाच्या लसीची पुढची मात्रा कोणत्या जिल्ह्यात द्यायची हा प्रश्न दर महिन्याला पडतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा मार्गावरच्या विहिरी आणि टँकर शुद्ध ठेवण्याची जी पद्धत साताऱ्याच्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे घोटवली आहे ती पुराच्या छावण्यांत सांगलीला उपयोगी पडेल. उलट पुराचा अनुभव सांगलीने २०२१ मध्ये दरडींखाली सापडलेल्या पाटण तालुक्याच्या यंत्रणेला द्यावा. परिमंडळे वेगळी असली तरी दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, शल्यचिकित्सकांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाजिक वैद्यक विभागांनी तिमाहीतून एकदा कराडसारख्या मध्यवर्ती ठिकाणी एकत्र बसावे, एकमेकांच्या चुका मोकळेपणाने तपासाव्यात, यासाठी कोणत्याही कायद्यात बदल करण्याची गरज नाही.

वाचकांचाही या कामात वाटा आहे. आपल्या गावाला गेल्या पाहणीत कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, लाल असेल तर पाहणीत कोणता दोष नोंदवला होता आणि तो दूर करण्यासाठी ग्रामपंचायतीने किती रक्कम ठेवली, हे तीन प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारावेत आणि त्या सभेला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आवर्जून बोलवावे.